ऑइलवर जगणारी चेन

नागपूर-हैदराबाद महामार्ग हिंगणघाट ओलांडून दक्षिणेकडे निघाला की वडनेर लागतं. कागदोपत्री हा आता राष्ट्रीय महामार्ग ४४ आहे, बोलण्यात मात्र जुना ‘सात नंबर’च. रात्रंदिवस जड वाहनं वाहणारा हा रस्ता. त्यामुळे आमच्या भागातल्या पोरांची इंजिनाशी ओळख पुस्तकाआधी रस्त्याच्या कडेला होते.

टायमिंगचंच घ्या. ट्रकच्या मोठ्या डिझेल इंजिनात क्रँक आणि कॅम यांच्यामध्ये गिअर असतात, हे हायवेवरच्या कोणत्याही मिस्त्रीला सांगावं लागत नाही. विहिरीवरच्या किर्लोस्करमध्येही गिअरच. १९९४ साली हिरो होंडाची स्प्लेंडर आली, २००१ साली बजाजची पल्सर आली, आणि गावोगावच्या दुचाकीवाल्यांचा टायमिंग चेनवर हात बसला. मारुती ८०० आणि टाटा इंडिकाने रबरी पट्टा शिकवला, आणि तो तुटला की खिशाला काय भोगावं लागतं तेही शिकवलं. कारच्या चेनचा धडा मात्र राहून गेला. ही चेन सहसा पहिल्या मालकाकडे बिघडत नाही. ती बिघडते दुसऱ्या-तिसऱ्या मालकाकडे. नागपुरात किंवा पुण्यात लाख-सव्वा लाख किलोमीटर फिरलेली डिझायर आमच्या तालुक्यात येते, तेव्हा सोबत आरसी येते, विम्याचा कागद येतो, दुसरी चावीही येते. इंजिन ऑइल केव्हा-केव्हा बदललं, कोणतं घातलं, किती दिवस कमी लेव्हलवर गाडी चालली, हा हिशेब येत नाही. चेनचं सगळं आयुष्य त्या हिशेबात असतं.

हे पुस्तक त्या चेनबद्दल आहे. गॅरेजमध्ये नुकता पाना हातात घेतलेला पोरगा, आयटीआयचा विद्यार्थी, प्रवासी गाडीवर घर चालवणारा ड्रायव्हर, आणि जुनी कार घेऊ पाहणारा शेतकरी हे माझ्या डोळ्यांसमोरचे वाचक. प्रस्तावना जरा लांबली आहे, कारण पुढच्या प्रकरणांत खोलणं-बांधणं आहे, मापं आहेत, खुणा आहेत. त्यात शिरण्याआधी ही चेन करते काय आणि मरते कशी, हे एकदा सलग समजून घेतलेलं बरं.

चार स्ट्रोकच्या इंजिनात हवा आत घेणं, ती दाबणं, इंधन पेटणं आणि धूर बाहेर टाकणं, एवढं काम पुरं व्हायला क्रँकशाफ्टचे दोन फेरे लागतात. या दोन फेऱ्यांत प्रत्येक व्हॉल्व एकदाच उघडायचा असतो. म्हणून व्हॉल्व उघडणारा कॅमशाफ्ट क्रँकच्या बरोबर निम्म्या वेगानं फिरायला हवा. क्रँकच्या स्प्रॉकेटला २० दात असतील तर कॅमच्या स्प्रॉकेटला ४०. गाडी महामार्गावर ३,००० आरपीएमला चालली असेल तर कॅमचे मिनिटाला १,५०० फेरे होतात, म्हणजे एकेक व्हॉल्व सेकंदाला २५ वेळा उघडतो आणि मिटतो. आजच्या बऱ्याच इंजिनांत, आणि डिझेलमध्ये तर हमखास, पिस्टन वर येऊन थांबतो तिथे उघड्या व्हॉल्वला जागाच नसते. दोघांनी एकाच जागेत आळीपाळीनं यायचं, कधीही एकत्र यायचं नाही. हा करार पाळायला लावते ती चेन. ती सुटली की पिस्टन व्हॉल्वांवर आदळतो. मग व्हॉल्व वाकतात, गाइड फुटतात, कधी पिस्टनच्या माथ्यावर खड्डा पडतो, आणि हेड उतरवल्याशिवाय गत्यंतर राहत नाही.

महाराष्ट्राला कारमधली चेन नवी नाही. प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात १९६४ पासून फियाट ११०० डिलाइट बनू लागली. १९७० च्या दशकात तीच प्रीमियर पद्मिनी झाली, आणि मुंबईची काळी-पिवळी म्हणून ऑक्टोबर २०२३ पर्यंत रस्त्यावर दिसली. तिच्या १,०८९ सीसीच्या इंजिनात कॅमशाफ्ट खाली ब्लॉकमध्येच, क्रँकच्या शेजारी होता. तिथून पुशरॉड वर जाऊन व्हॉल्व उघडत. दोन शाफ्टांमधलं अंतर वीतभरही नाही, त्यामुळे चेनही आखूड. आखूड चेनला हेलकावे कमी, आणि झिजली तरी टायमिंगवर परिणाम थोडा.

पुढे कॅमशाफ्ट वर हेडमध्ये गेला. पुशरॉडचं वजन गेलं, इंजिन जास्त आरपीएम घेऊ लागलं. पण क्रँक तळाशी आणि कॅम माथ्यावर, असं अंतर पडलं. ते गिअरनं भरायचं तर एकावर एक गिअर लावत वर जावं लागतं, वजन आणि आवाज दोन्ही वाढतात. ट्रकला ते चालतं, छोट्या कारला परवडत नाही. जर्मनीच्या ग्लास कंपनीनं १००४ या कारमध्ये १९६२ च्या सुमारास रबरी दातेरी पट्टा वापरून दाखवला. त्याला ऑइल लागत नाही, तो आवाज करत नाही, स्वस्तही पडतो. आपल्याकडे डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली आणि डिसेंबर १९९८ मध्ये पिंपरीची इंडिका, दोन्ही पट्ट्यावर. पट्ट्याचा एक गुण मला फार मोलाचा वाटतो. त्याला मुदत असते. इतक्या किलोमीटरला बदला, असं पुस्तिकेत छापलेलं असतं. ड्रायव्हरला तो आकडा पाठ असतो.

चेन परत आली ती एकदम मोठ्या संख्येनं. फियाटनं २००३ मध्ये युरोपात १.३ लिटरचं मल्टिजेट डिझेल इंजिन आणलं. १,२४८ सीसी, चार सिलिंडर, सोळा व्हॉल्व, आणि टायमिंगला चेन. २००७ मध्ये ते स्विफ्टमध्ये आलं, मग डिझायरमध्ये. मारुतीसाठी ते मानेसरला बनायचं. आपल्या पुणे जिल्ह्यात रांजणगावला फियाट आणि टाटाच्या गाड्यांसाठी, म्हणजे लिनिया, पुंटो, इंडिका व्हिस्टा. नाव कुठे डीडीआयएस, कुठे क्वाड्राजेट, इंजिन एकच. एप्रिल २०२० मध्ये मारुतीनं डिझेल बंद केलं तोपर्यंत हे इंजिन देशभर पसरलं होतं, आणि आज आमच्या भागात प्रवासी वाहतुकीत, लग्नाच्या वरातीत, दवाखान्याच्या धावपळीत ते अजून राबतं आहे. मारुतीची २००८ पासूनची के-सिरीज पेट्रोल इंजिनं चेनवर, महिंद्राचं एमहॉक चेनवर, इनोव्हा क्रिस्टाचं डिझेल चेनवर. चेन पट्ट्यापेक्षा अरुंद असते, तिच्यामुळे इंजिनाची लांबी कमी होते, आणि आडव्या बसवलेल्या इंजिनात बोटभर जागाही मोलाची असते. पण विकताना सांगितलं गेलं ते वेगळंच: चेनला बदली नाही, इंजिनाच्या आयुष्याइतकी टिकते. हे वाक्य खरं आहे, फक्त त्यातली अट गळाली. ऑइल वेळेवर आणि योग्य प्रतीचं असेल तर. अट गळालेल्या या एका वाक्यानं जितकी इंजिनं बसवली तितकी कच्च्या रस्त्यांनीही बसवली नसतील, असं माझं मत आहे.

आता चेन हातात घेऊन बघू. बुश आणि रोलरची जी चेन आपण सायकलपासून मोटरसायकलपर्यंत सगळीकडे पाहतो ती हान्स रेनॉल्डनं १८८० साली मँचेस्टरला घडवली. जन्मानं स्विस असलेल्या या माणसानं कापडगिरण्यांच्या यंत्रांसाठी चेन बनवायला सुरुवात केली होती. कापसाच्या गावात राहणाऱ्या मला या योगायोगाचं अप्रूप वाटतं. तिची रचना साधी: पिन, पिनेवर फिरणारं बुश, दोघांना धरणाऱ्या पट्ट्या. कारच्या टायमिंगमध्ये दोन पिनांतलं अंतर बहुधा ८ मिलिमीटर किंवा ९.५२५ मिलिमीटर असतं. काही इंजिनांत रोलरच्या जागी दातेरी पट्ट्यांची ‘सायलेंट’ चेन असते. तिचा आवाज कमी, आणि तीही रेनॉल्डचीच, १८८५ ची.

चेन स्प्रॉकेटवर चढताना प्रत्येक कडी वाकते आणि उतरताना सरळ होते. हे वाकणं-सरळ होणं म्हणजे पिन बुशमध्ये थोडीशी फिरणं. त्या दोघांमध्ये ऑइलचा पापुद्रा असेल तर धातू धातूला लागत नाही. पापुद्रा फाटला की पिन झिजते. एका पिनेची झीज इतकी कमी की मायक्रोमीटरशिवाय समजणार नाही, पण चेनमध्ये शंभरावर कड्या असतात आणि सगळ्यांची झीज एकाच दिशेनं साठते. जुन्या सायकलची चेन पुढच्या चकतीवरून बोटानं उचलून पाहा, दातांपासून सुटून वर येते. नव्या चेनचं तसं होत नाही. तेच इथे घडतं, फक्त कव्हरच्या आड. लोखंड ताणलं गेलेलं नसतं, सांधे पोकळ झालेले असतात.

त्याचा टायमिंगवर परिणाम किती, ते मोजता येतं. समजा क्रँकपासून कॅमपर्यंत ओढल्या जाणाऱ्या बाजूची लांबी ४०० मिलिमीटर आहे आणि चेन अर्धा टक्का वाढली आहे. म्हणजे २ मिलिमीटर. ८ मिलिमीटरच्या ४० दातांच्या कॅम स्प्रॉकेटचा घेर ३२० मिलिमीटर धरला तर २ मिलिमीटर म्हणजे सव्वादोन अंश. कॅमचा एक अंश क्रँकच्या दोन अंशांबरोबर, म्हणून क्रँकच्या हिशेबात साडेचार अंश. तेवढ्यानं गाडी बंद पडत नाही. पिकअप जरा मंद होतो, थंडीत स्टार्ट व्हायला एखादा फेरा जास्त घेते, अॅव्हरेज उतरतं. क्रँक आणि कॅमचे सेन्सर हा फरक पकडतात आणि स्कॅनरवर पी ००१६ असा कोड येतो. तो कोड दिसला की सेन्सर बदलायचा आणि कोड पुसून टाकायचा, अशी एक वाईट सवय पडली आहे. सेन्सर सहसा खरंच सांगत असतो.

या सगळ्याहून मोठी गोष्ट म्हणजे चेनच्या दोन बाजू. क्रँक ज्या बाजूनं कॅमला ओढतो ती ताणलेली बाजू, परतीची ती सैल बाजू. पुस्तकातल्या चित्रात हे एवढंच असतं. चालत्या इंजिनात मात्र गंमत वेगळीच. कॅमचं टोक व्हॉल्व दाबत असतं तेव्हा व्हॉल्वची स्प्रिंग कॅमला अडवते, आणि चेनला जोर लावावा लागतो. टोक ओलांडलं की तीच स्प्रिंग कॅमला पुढे ढकलते, क्षणभर कॅमच चेनला पुढे लोटतो, आणि ताणलेली बाजू सैल पडते. चार सिलिंडरमध्ये हे क्रँकच्या दर फेऱ्यात अनेकदा होतं. म्हणजे चेनला एकसारखी ओढ नसते, तिला सतत झटके बसत असतात. ओढल्या जाणाऱ्या बाजूला पक्कं बसवलेलं प्लास्टिकचं गाइड आणि सैल बाजूला हलणारा, टेन्शनरनं दाबून धरलेला हात, हे दोघं ते झटके पोटात घेतात.

टेन्शनर हा या गोष्टीतला माझा आवडता भाग. बोटाएवढा पिस्टन, आत स्प्रिंग, आणि मागून इंजिन ऑइलचा दाब. आत जाणारं ऑइल परत येऊ नये म्हणून एक छोटी गोळी, आणि बऱ्याच टेन्शनरांत पिस्टन मागे सरकू नये म्हणून खाचांचं कुत्रं. चेन वाढत जाते तसा पिस्टन एकेक खाच पुढे येतो. रात्रभर गाडी उभी राहिली की टेन्शनरमधलं ऑइल थोडं निथळतं. सकाळी स्टार्टर मारला की पंप ऑइल पोहोचवेपर्यंत चेनला धरायला फक्त स्प्रिंग आणि कुत्रं असतं. टेन्शनर चांगला असेल तर कानाला काही समजत नाही. गोळी गळत असेल, किंवा चेन इतकी वाढली असेल की पिस्टन शेवटच्या खाचेवर आला असेल, तर चेन गाइडवर आपटते. दोन-तीन सेकंद खडखड, मग शांत. गॅरेजवर माणूस येतो तो हेच सांगत: ‘भाऊ, सकाळी सुरू केली का खडखड करते अन् मंग आपोआप बंद होते.’ आपोआप बंद होते म्हणून तो आणखी सहा महिने चालवतो. मोठ्या प्रवासाला निघताना, रेस दिल्यावर, चढावर आवाज येत नाही, म्हणून त्याची खात्री पटते की गाडी ठीक आहे. या दोन-तीन सेकंदांवर मी पुस्तकात एक आख्खं प्रकरण खर्च केलं आहे.

ऑइलबद्दल आणखी थोडं. डिझेलचं ऑइल काळं होतं ते काजळीमुळे. ही काजळी ऑइलमध्ये विरघळत नाही, कणांच्या रूपात तरंगते. ऑइलमधले रासायनिक घटक ते कण सुटे ठेवतात. ऑइल थकलं की कण एकत्र येतात आणि पिन-बुशमधल्या पापुद्र्यात पॉलिश पेपरचं काम करतात. दहा हजार किलोमीटरला बदलायचं ऑइल वीस हजारांवर नेलं की नेमकं हेच होतं. मल्टिजेटसारख्या छोट्या इंजिनात ऑइल मावतं तीन लिटरच्या आसपास. त्यातलं अर्धा-पाऊण लिटर जळून किंवा गळून गेलं तरी ते मोठ्या इंजिनातल्यापेक्षा जास्त जाणवतं. आमच्याकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा ४५ च्या वर जातो. टोलनाक्यावर किंवा बाजारात एसी लावून गाडी आयडलिंगवर उभी असते तेव्हा तापून पातळ झालेल्या ऑइलचा दाब सर्वांत कमी असतो, आणि टेन्शनर त्याच दाबावर उभा असतो. वर्ध्याच्या उन्हाळ्यात ड्रायव्हरनं डिपस्टिक आठवड्याला बघावी, महिन्याला नाही, हे मी आग्रहानं लिहिलं आहे.

एक धोका फार कमी लोक सांगतात. झिजलेल्या चेनची गाडी उतारावर गिअरमध्ये टाकून उभी केली आणि चाकांनी इंजिन थोडंसं उलटं फिरवलं, तर सैल बाजू बदलते. टेन्शनर ज्या बाजूला आहे ती ताणली जाते, आणि सगळी ढील जिथे टेन्शनर नाही तिथे जाते. अशा वेळी दात सुटू शकतो. २० दातांच्या क्रँक स्प्रॉकेटवर एक दात म्हणजे १८ अंश. सकाळी गाडी स्टार्टच होत नाही, किंवा होते आणि लगेच ठोकते. हँडब्रेक नीट लावणं हा या बाबतीत इंजिनाचाही उपाय आहे.

पुढचं कव्हर उघडल्यावर काय दिसतं, तेही सांगतो. चांगल्या इंजिनात गाइडवर चेनच्या पट्ट्यांच्या दोन उथळ रेघा असतात, चकचकीत आणि सरळ. वाईट इंजिनात त्याच रेघा नखाएवढ्या खोल चर होतात, गाइडची कड फुटलेली असते आणि तिचे तपकिरी तुकडे ऑइल पॅनमध्ये गाळणीला चिकटलेले सापडतात. गाळणी बुजली की ऑइलचा दाब आणखी पडतो, दाब पडला की टेन्शनर आणखी ढिला. म्हणून चेन बदलताना पॅन उतरवून गाळणी न बघता गाडी बांधली तर काम अर्धंच झालं. तसंच स्प्रॉकेटचं. जुन्या चेननं दातांचा आकार आपल्यासारखा करून घेतलेला असतो. त्या दातांवर नवी चेन टाकली तर नवीही लवकर बिघडते. चेन, दोन्ही स्प्रॉकेट, गाइड, टेन्शनर, सील असा पूर्ण सेट बदलायचा. गिऱ्हाइकाचे पैसे वाचवायच्या चांगल्या हेतूनं नुसती चेन टाकणारे मिस्त्री मी पाहिले आहेत, आणि त्यांच्याच दारात तीच गाडी परत आलेलीही पाहिली आहे.

टायमिंग लावताना बऱ्याच चेनवर दोन-तीन कड्या वेगळ्या रंगाच्या असतात, त्या स्प्रॉकेटवरच्या ठिपक्यांसमोर बसवायच्या. काही इंजिनांत खुणांवर भिस्त न ठेवता पिना लावून क्रँक आणि कॅम जागच्या जागी धरावे लागतात. बसवून झालं की स्टार्टर मारण्याआधी पान्यानं क्रँक पूर्ण दोन फेरे हातानं फिरवायचा. कुठे अडलं तर जोर न लावता थांबायचं. दोन फेऱ्यांनंतर स्प्रॉकेटवरच्या खुणा जागेवर येतात, पण रंगीत कड्या येत नाहीत, कारण चेनमधल्या कड्यांची संख्या आणि दातांची संख्या यांचा मेळ कितीतरी फेऱ्यांनी बसतो. नवा पोरगा इथे घाबरतो आणि बरोबर लावलेलं टायमिंग पुन्हा खोलतो. त्याच्यासाठी ही गोष्ट प्रस्तावनेतच लिहून ठेवतो आहे.

पुस्तकाचा क्रम असा आहे. आधी आवाज, म्हणजे न खोलता काय-काय ओळखता येतं ते. मग ऑइल: कोणत्या इंजिनाला कोणत्या ग्रेडचं आणि का. मग स्विफ्ट-डिझायरच्या डिझेल इंजिनाचं पूर्ण काम, कारण आमच्याकडे सर्वांत जास्त तेच येतं. त्यानंतर के-सिरीज, एमहॉक आणि इतर. शेवटचं प्रकरण मिस्त्रींसाठी नाही, जुनी गाडी घेणाऱ्यांसाठी आहे. त्यातली पहिली सूचना इथेच देतो: सौद्याला जाल तेव्हा विकणाऱ्याला आदल्या रात्रीच सांगून ठेवा की गाडी मी येण्याआधी सुरू करायची नाही. गेल्यावर आधी बॉनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर परत या आणि दुसऱ्या सकाळची वेळ घ्या. थंड असेल तर बॉनेट उघडा, चेनच्या बाजूला कान द्या आणि दुसऱ्या कुणाला स्टार्टर मारायला सांगा.

वडनेर, ता. हिंगणघाट, जि. वर्धा